कापायचं न्हाय, म्हणून थांबलेत

पुन्हा तेच. कापायचं न्हाय म्हणजे आजार किरकोळ, असं माझा थोरला भाऊ आजपण म्हणाला.

आमच्या वडलांच्या, आबांच्या लिव्हरात मोठी गाठ हाय. कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन झेपणार न्हाय, पण मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून गाठीतच औषध सोडू, तिचं रक्त बंद करू. फक्त डोळे पिवळे व्हायच्या आत आणा. कावीळ चढली की हे बहुतेक जमत न्हाय.

दादाचं एकच, "आरं, टाकासुदीक पडत न्हाय. गुऱ्हाळ आटपू दे, मग जाऊ की."

मी इकडं सुरतेत कामाला. आज जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल लावला. आबा गुऱ्हाळाच्या दारात, उन्हात बसलेले. म्हटलं, "आबा, जरा वर बघा."

दोन्ही डोळे पिवळे.

"दादा, बघ की!"

"चुलवाणाच्या जाळाचा उजेड हाय त्यो," दादा म्हणाला. भर दुपारी.

आबा मलाच विचारतात, "जेवलास का?"

गारगोटीकडच्या दोस्तांनो, कुणाची गाडी मोकळी हाय? आजच आबांना कोल्हापूरच्या दवाखान्यात पोचवा. दादा अडवंल, ऐकू नका. उशीर झालाय का, ते डॉक्टरच सांगतील. जो जाईल त्याच्या नंबरवर गाडीभाडं आणि दवाखान्यात भरायला लगेच अठ्ठावीस हजार पाठवतोय.