नात्याचा रकाना

माझा मामा हा माझा खरा मामा नव्हता, हे मला कॉलेजात जाईपर्यंत नीटसं उमगलं नव्हतं. कुणीतरी सांगितलं असणार, पण लक्षात ठेवण्यासारखं वाटलं नसावं. आईचं माहेर अंजनगाव सुर्जीचं. तिला भाऊ नव्हता, आणि शेजारच्या पानमळेवाल्यांच्या मुलाला बहीण नव्हती. जात वेगळी, अंगण मात्र एकच. सहा-सात वर्षांची असताना आईने एका भाऊबीजेला त्याला पाटावर बसवून ओवाळलं आणि तेव्हापासून त्या पाटावर त्याचा हक्कच झाला. पुढे आई लग्न होऊन अमरावतीला आली, तो पानांच्या व्यापारासाठी अकोल्याला गेला, जठारपेठेत त्याने स्वतःचं घर बांधलं. पण भाऊबीज चुकली नाही. ओल्या फडक्यात बांधलेली विड्याच्या पानांची टोपली घेऊन तो एस.टी.तून उतरायचा आणि दारातूनच ओरडायचा, "पाट मांडला का नाई अजून?"

मग पानाचा आग्रह. मला पान मुळीच आवडत नसे. "मामा, दात रंगतात," मी म्हणायची. तो म्हणे, "रंगू दे. इथी कोण पाहून राह्यलं तुले?" मी कधी खात नसे आणि तो आग्रह कधी सोडत नसे.

त्याच्या अंजनगावच्या मळ्यातच मी पहिल्यांदा पानवेल मरताना पाहिली. वरून हिरवीगार दिसणारी वेल हाताने जरा ओढली की बुडातून सुटून हातात यायची. मामा ती माझ्यापुढे धरून विचारायचा, "सांग, काहून मेली?" मी आठ-नऊ वर्षांची. मला काय ठाऊक? पण तो प्रश्न डोक्यात राहिला, आणि वनस्पतिशास्त्र घेतलं ते त्यामुळेच, असं मी अजूनही मानते.

नागपूरहून एम.एस्सी. करून मी अमरावतीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत शिकवू लागले. साठ सालानंतरची ती एक-दोन वर्षं. अमेरिकेतल्या विद्यापीठांना पत्रं पाठवायची, वाट बघायची आणि पोस्टमनशी गोड बोलायचं, हा माझा जोडधंदा होता. शेवटी एका विद्यापीठाचं पत्र आलं. वनस्पतींच्या रोगांवर डॉक्टरेट करायला घेऊ, फी माफ, शिवाय तिथल्या प्रयोगशाळेत काम केल्यास खाण्याराहण्यापुरतं मानधन. माझे वडील शाळेत मास्तर. त्यांनी ते पत्र अख्ख्या गल्लीला इंग्रजीत वाचून दाखवलं, आणि मग घरी येऊन खुर्चीत बसून राहिले. सगळं फुकट होतं, फक्त तिथवर पोचायचं आपल्या खर्चाने होतं. बोटीचं तिकीट म्हणजे त्यांचा दीड-दोन वर्षांचा पगार.

मुंबईचा एक ट्रस्ट परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रवासासाठी बिनव्याजी कर्ज देत असे. मुलाखत झाली, कर्ज मंजूर झालं. अट एकच: दोन जामीनदार हवेत, स्वतःचं घर असलेले, आणि अर्जदाराचे नातेवाईक नसलेले. पहिले जामीनदार वडिलांचे एक वकील मित्र. त्यांनी चहा निवायच्या आत सही केली. दुसरा काही मिळेना. मुलगी, त्यातून परदेशात, उद्या तिकडेच राहिली तर कर्ज कोण फेडणार? असं तोंडावर कोणी म्हणालं नाही, पण ज्यांना विचारलं त्या तिघांच्या घरांची कागदपत्रं एकाच आठवड्यात सापडेनाशी झाली.

मामाला कळलं तेव्हा तो चिडलाच. "मी मेलो का?" म्हणाला. फॉर्म अकोल्याला पाठवला, त्याने स्वतःच्या हाताने भरला आणि घराच्या कागदांच्या नकला जोडून परस्पर मुंबईला धाडला. आम्ही निर्धास्त झालो. आईने तर माझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला.

तीन आठवड्यांनी फॉर्म परत आला. 'अर्जदाराशी नाते' असा एक रकाना होता. त्यात मामाने चांगल्या ठळक अक्षरात लिहिलं होतं: मामा. त्याच्याखाली रेघसुद्धा मारली होती.

वडिलांनी ट्रस्टला खुलासा लिहिला, की हे मानलेले मामा आहेत, रक्ताचं नातं नाही. उत्तर आलं की तसं असेल तर जामीनदाराने नव्या फॉर्मवर स्वहस्ते लिहून द्यावं, पंधरा दिवसांत, नाहीतर कर्ज यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल.

दुसऱ्या दिवशी मी आणि वडील अकोल्याला गेलो. मामा ओसरीवर पानं निवडत बसला होता. एकेक पान उलटून बघायचा, डागाचं बाजूला टाकायचा. वडिलांनी सगळं समजावून सांगितलं. तो मान हलवत ऐकत होता आणि शेवटी म्हणाला, "मास्तर, घर लिवून मागा, देतो. पण हे खोटं मी लिवू नाई शकत."

"अहो, खोटं कसं? कायद्याने आपलं नातं नाहीच."

"मंग कायद्याले सांगा, भाऊबीजेले येऊन पाह्य म्हणा."

वडील हसले. मला हसू येत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे ते पंधरा दिवस होते, ती बोट होती. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट, आणि त्या दिवशी तर मी अडीच-तीन तासांच्या एस.टी.त आणि उन्हात शिजून निघाले होते. मी फाडकन म्हणाले, "मामा, एक शब्द लिहायचा आहे, त्यात एवढं काय? तुम्ही माझे खरे मामा थोडेच आहात!"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मामाने हातातलं पान खाली ठेवलं, हात धोतराला पुसले आणि नवा फॉर्म पुढ्यात ओढला. त्या रकान्यात लिहिलं: नाही. खाली सही केली. जुना, परत आलेला फॉर्म वडिलांच्या हातून तिथेच ओसरीवर राहिला. मामाने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पण एरवी मला पोळ्या स्वतः वाढणाऱ्या मामाने त्या दिवशी मामीला वाढायला सांगितल्या, आणि पानाचा आग्रहही केला नाही. माझ्या जिवाला ते लागलं. पण माफी मागावी एवढी अक्कल त्या वयात नव्हती आणि काम झाल्याचा आनंद फार मोठा होता.

ऑगस्टमध्ये मी निघाले. बडनेऱ्याला मेल पकडली, सोबत मुंबईपर्यंत वडील. अकोला आलं तशी मी खिडकीतून वाकून बघू लागले. तो येईल की नाही, खात्री नव्हती. तो आला होता. हातात ओल्या फडक्याचं पुडकं. "बोटीत मळमळलं तर तोंडात धरजो," म्हणाला. समोरच्या बाकावरच्या बाईंनी सहज विचारलं, "कोण हो तुम्ही हिचे?"

मी उत्तर देणार इतक्यात तोच म्हणाला, "वळखीचा हाओ."

गाडी सुटली. तो हात हलवत प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत आला. मी मुंबई येईपर्यंत रडत होते आणि वडिलांना वाटत होतं, आईची आठवण येते आहे.

तिकडे मी पाच वर्षं काढली. मानधनातून दरमहा थोडे थोडे पैसे ट्रस्टला पाठवले. थंडीत जुन्या कोटावर भागवलं, बसचे पैसे वाचवून चालले, पण हप्ता एकदाही चुकवला नाही. लोकांना वाटे, काटकसरी मुलगी आहे. खरं म्हणजे मला भीती वाटत असे, की चुकून एक हप्ता राहिला आणि त्याच्या दाराशी नोटीस गेली तर? मामाला पत्रं लिहिली, पण ती गोष्ट कागदावर उतरेना. त्याची उत्तरं येत: पाऊस, पानांचा भाव, आणि शेवटी 'जेवत जाजो'.

डॉक्टरेट घेऊन परतले ती ऐन दिवाळीत. भाऊबीजेला मामा आला. केस पांढरे झाले होते, टोपली तीच. आईने ओवाळलं. त्याने ताटात ओवाळणी घातली आणि सदऱ्याच्या खिशातून दोन कागद काढून माझ्यापुढे ठेवले. एक जामिनाचा फॉर्म. कर्ज फिटल्यावर ट्रस्टने तो त्याला परत पाठवला होता, रद्द असा शिक्का मारून. दुसरा कागद घड्यांवर झिजलेला, कडेला पानाच्या रसाचे डाग पडलेला. तो ओसरीवर राहिलेला पहिला फॉर्म होता. आई सांगते, तो त्याने पाच वर्षं दुकानाच्या गल्ल्यात ठेवला होता.

"हा कामाचा निंगाला, हा तू ठेव," मामाने शिक्क्याचा कागद माझ्याकडे सरकवला. "अन् हा नापास झालेला माहा." त्याने दुसरा कागद घडी घालून परत खिशात ठेवला.

मी म्हणाले, "मामा, त्या दिवशी मी जे बोलले..."

"पह्यले सांग," तो मधेच म्हणाला, "वेल काहून मरते?"

मी सांगू लागले. मातीतली बुरशी, साचलेलं पाणी, मुळं कशी आतून कुजतात, सगळं सांगितलं आणि सांगता सांगता रडले. तो मान हलवत ऐकत राहिला. मग त्याने टोपलीवरचं फडकं बाजूला केलं, एक कोवळं पान निवडलं, पुसलं, चुना लावला आणि विडा करून माझ्यापुढे धरला.

मी तो खाल्ला. आयुष्यातला पहिला.