क्लचचा खुंटा

कॉलेजची पहिली परीक्षा देऊन मी गावी आलो, तेव्हा आमच्या खोतांच्या ट्रॅक्टरचे दोन तुकडे करून ठेवलेले होते. पुढचं इंजिन लाकडी ओंडक्यांवर टेकवलेलं, आणि मागची चाकं गिअरच्या डब्यासकट हातभर मागे सरकवलेली. मधल्या फटीतून काढलेली क्लचची जळकी तबकडी आंब्याच्या बुंध्याला उभी करून ठेवली होती.

हा लहान ट्रॅक्टर खोतांनी मुंबईहून जुना घेतला होता. दासगाव बंदरात तो होडीतून उतरवला, तेव्हा पार तुडीलपासून माणसं बघायला आली होती म्हणे. चालवायला त्यांनी माझ्या थोरल्या भावाला ठेवलं, कारण पंचक्रोशीत नांगराचं त्याच्याइतकं सरळ तास कुणाचं पडत नसे. घात झाला तो तिथंच. कठीण जमिनीत लाकडी नांगर वर येऊ लागला की आमच्याकडे त्यावर पाय देऊन भार टाकतात. जमीन कडक लागली की दादा ट्रॅक्टरवरही तसाच पाय द्यायचा, आणि त्याच्या पायाखाली क्लचचं पेडल असायचं. पेडल अर्धवट दाबलं की पकड सुटते आणि तबकडी नुसती घासत राहते. ट्रॅक्टर अडे, दादा आणखी जोर देई, तबकडी आणखी जळे.

खोत रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "नवी तबकडी आणली आहे. या चार दिवसांत ट्रॅक्टर चालला तर तूच चालव. नाहीतर मुंबईहून माणूस बोलवीन, आणि मग तोच राहील इथं."

दादाला दुसरं काम म्हणजे मुंबईतली गिरणी. वहिनीचे दिवस भरत आले होते. त्याने खोतांना सांगून टाकलं, "माजा भाव कालेजात हाय. इंजनाचं बुक तो वाचंल."

हे मला नंतर कळलं. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकत होतो. ट्रॅक्टर मी त्याआधी एकदाच, तोही लांबून पाहिला होता.

काम करायला महाडहून फिटर आला होता. उतारूंच्या सर्व्हिस मोटारींवर त्याचा हात बसलेला. मी पुस्तक वाचून दाखवायला लागलो की तो पान्हा पुसत ऐकायचा. पुस्तकात लिहिलं होतं, नव्या तबकडीला तेलाचा थेंबही लागू देऊ नये. मी ते मराठीत सांगितलं.

"बरं झालं सांगितलंत, मास्तर," फिटर म्हणाला. "मी हिला अभ्यंगस्नान घालणार होतो."

दादासुद्धा हसला. मी मात्र त्यानंतर खालच्या आवाजात वाचू लागलो.

पुढची ओळ अशी होती, की तबकडीवरच्या झाकणाचे बोल्ट आवळण्याआधी तबकडी बरोबर मध्यावर धरावी, आणि त्यासाठी हत्यारांबरोबर दिलेला आखूड दांडा वापरावा. आमच्या पेटीत असा दांडा नव्हता. जुन्या मालाबरोबर कोण देतो? जे आपल्याकडे नाही ते वाचून काय उपयोग, असं मी मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर पुन्हा हसं व्हायला नको होतं. ती ओळ सोडून मी खालची वाचली.

फिटरने तबकडी बोटांनी चाचपून नजरेच्या अंदाजाने बसवली आणि बोल्ट आवळले. मग आम्ही तिघांनी आणि खोतांच्या गड्याने मागचा भाग पुढे ढकलला. गिअरच्या डब्यातून निघालेला दातेरी दांडा तबकडीच्या भोकातून जाऊन पुढे इंजिनाला असलेल्या जड चाकाच्या मध्यात बसायला हवा. तो दोन बोटं बाहेर राहिला. मागे ओढलं, बोल्ट सैल केले, तबकडी केसभर सरकवली, आवळले, पुन्हा ढकललं. पुन्हा दोन बोटं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हेच. तळहात सोलले, पाठी भरून आल्या. डोकी एवढी तापली की फिटर दादाला आणि दादा ओंडक्यांना शिव्या देत होता. पुस्तक माझ्या हातात होतं आणि ती ओळ कुठल्या पानावर आहे हे मला पाठ झालं होतं.

शेवटी फिटर म्हणाला, "दोन बोटंच ऱ्हायली. बाहेरचे बोल्ट लावून आवळू, आपोआप खेचून घेईल."

"पण पुस्तकात..." मी म्हणालो.

"पुस्तकात काय?"

"काही नाही."

त्याने आवळलं. तिसऱ्या फेऱ्याला कडकन आवाज झाला आणि डब्याच्या कडेचा बिडाचा एक कान तुटून खाली पडला. खोत तेव्हा ओटीवरच होते. त्यांनी तो तुकडा हातात घेऊन पाहिला, आणि आत जाऊन मुंबईला पत्र लिहिलं.

फिटर संध्याकाळच्या मोटारीने निघून गेला. दादा ट्रॅक्टरपाशीच बसून राहिला. मग म्हणाला, "तू त्या पानावर आलास का बोट उचलतोस. काय हाय तितं?"

मी सांगितलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, तेच जड गेलं. "म्हंजे खुंटा पायजे," तो म्हणाला. "जात्याच्या मदोमद असतो तसा. आदी खुंटा, मंग वरची तळी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खैराचा एक तुकडा कोयत्याने तासला. टोकाला बारीक, इंजिनाच्या चाकाच्या मध्यात बसेल एवढा. मागे जाड, तबकडीच्या भोकात घट्ट जाईल एवढा. सैल वाटला तिथे चिंधी गुंडाळली. खुंट्यावर तबकडी धरून त्याने बोल्ट आलटूनपालटून थोडे थोडे आवळले आणि मग खुंटा ओढून काढला. आम्ही मागचा भाग ढकलला. किंचित अडला, दादाने मागचं चाक जरासं फिरवलं, आणि दांडा सरकन आत गेला.

तुटलेल्या कानाची जागा सोडून बाकीचे बोल्ट लावले. ट्रॅक्टर चालला. खोतांनी बांधाबांधाने दोन फेऱ्या पाहिल्या. म्हणाले, "छान. पण पत्र गेलं आहे. मी शब्द दिला आहे त्या माणसाला."

मुंबईचा माणूस पाचव्या दिवशी आला. सज्जन होता. खुंटा कुणी केला विचारलं, हातात फिरवून पाहिला, आणि "हे ठेवून घेतो" म्हणून आपल्या पेटीत टाकला. दादाने हरकत घेतली नाही.

दासगावला मी दादाला मुंबईच्या लाँचवर पोचवायला गेलो. वळकटी आत ठेवून तो पुन्हा काठावर माझ्यापाशी आला.

"गिरनीत पेडल असतात काय रे?"

"मला माहीत नाही, दादा," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि पाय उचलून लाँचच्या फळीवर ठेवला.