बाहेरची कडी

केडगावला माझं फॅब्रिकेशनचं दुकान हाय. दारं, ग्रिल, गोठ्याची गेटं, काय म्हणाल ते बनवून देतो. दारात गिऱ्हाईक उभं राहिलं की मला कळतं कसलं हाय. ज्याला घ्यायचंय तो माप घेऊन येतो. ज्याला नुसता टाइमपास करायचा असतो तो नक्षी बघत बसतो. धुरपदामावशी या दोन्हीत बसायची न्हाई. ती यायची, उंबऱ्याबाहेर चप्पल काढायची, आन् मडकं घेताना वाजवत्यात तसं दाराच्या पत्र्यावर बोटानं टक टक वाजवून बघायची.

"अहो मावशी, चप्पल घाला! लोखंडाचा चुरा पडलाय, पायात घुसला म्हंजी?" मी वरडायचो. मी तापट माणूस हाय, माझी बायकोबी हेच सांगती.

तिला चुऱ्याचं काय न्हाई. ती इचारायची, "इक्बाल, याला कडी बाहेरनं बसल का रं?"

"जगातली माणसं आतनं कडी मागत्यात. तुमचंच कसं उलटं?"

"आतनं घालणारं कोण हाय? मी पहाटं फुलाला जाती, पोरगी झोपल्याली असती. बाहेरनं घालून गेली म्हंजी जिवाला घोर न्हाई."

पोरगी म्हंजी तिची नात, सृष्टी. मावशीचा ल्योक उसाच्या ट्रॅक्टरवर होता, ट्रॉली उलटली त्यात गेला. सून माघारी गेली, तिच्या घरच्यांनी तिचं दुसरं लावून दिलं. पोरगी ऱ्हायली म्हातारीपाशी. अंगणवाडी सुटून नुकतीच पहिलीत गेल्याली. बोलायला अशी पटाईत, की मला म्हणायची, "इक्बालमामा, तुमी दाराला वेल्डिंग करता का भांडण करता?" दुकानात माझ्या हाताखाली भाचा हाय, मी त्याला ओरडत असलो की हिचं सुरू व्हायचं. माझ्या तोंडावर असं बोलायची छाती दुसऱ्या कुणाची न्हाई.

राहूच्या अलीकडं उसात एक वस्ती हाय, तिथं यांचं घर. घर म्हंजी तुरकाठ्यांचा कुड, वरनं शेणानं सारवल्याला, आन् छपराला उसाचं पाचट. दाराच्या जागी पत्र्याचा एक तुकडा, त्याला दगड टेकवल्याला. जागा मात्र तिच्या वारल्याल्या नवऱ्याच्या नावावर होती, तेवढं एक बरं. मावशी शेवंतीच्या मळ्यात रोजानं जायची. फूल पहाटंच तोडावं लागतं, उजाडायच्या आत पिकअप पुण्याच्या मार्केटयार्डाकडं निघती. म्हंजी पोरगी एकटी आन् घराला पत्रा.

आन् बिबटं. नदीपलीकडं शिरूरच्या बाजूला तर लोक दिवसाबी पोरं बाहेर सोडत न्हाईत. आमच्याकडंबी कुत्री कमी झाली, शेरडं गेली, आन् मग माणसं भ्याया लागली. बिबट्या मानंलाच धरतो, म्हणून फुलाला जाणाऱ्या बायांनी गळ्यात घालायला खिळ्यांचे पट्टे करून घेतले. कुत्र्याला घालत्यात ना, तसलेच. मीच पत्रा कापून, खिळे डागून कितीतरी दिले. मावशीचाबी पट्टा मीच केला. ती आरशात बघून म्हणली, "बघ बाबा, म्हातारपणी दागिना मिळाला."

माझ्याकडं एक दार पडून होतं. एका बंगलेवाल्याचं माप चुकलं, त्यानं न्हेलं न्हाई. मी म्हणलं, मावशी, घेऊन जावा, मला तरी कुठं ठेवायला जागा हाय. टेम्पोत घालून मीच बसवाय गेलो. पण कुडाला लोखंडी चौकट धरती व्हय? दार उभं केलं तर अख्खा कुड दारासंगं पुढं वाकला. सृष्टी पोट धरून हसाय लागली. "घर पाया पडतंय! घर पाया पडतंय!" मला बी हसू आलं. दार परत टेम्पोत घातलं.

"मावशी, दाराला भिंत लागती," मी म्हणलं.

"मग भिंतीचं बघती. तवर दार माझ्या नावानं ठिव."

दुकानाच्या कोपऱ्यात दार उभं करून ठेवलं, आन् तिनं भिंतीचं बघायला घेतलं. म्हंजी घरकुलाचा अर्ज. सरकार गरिबाला पक्कं घर देतं, नाव यादीत लागलं की झालं. मावशी ग्रामपंचायतीत इतक्या खेपा घालायची, की तिथल्या शिपायाच्या पोरांची नावं तिला पाठ झाली. अखेर निरोप आला. घर बघायला माणूस येणार हाय, घरी थांबा.

आता हितं खरी गंमत हाय, गंमत कसली, डोंबल. आमच्याकडं 'बघायला येणार' म्हणलं की एकच अर्थ. पोरगी बघायला. आन् पोरगी बघायला आलेले पाहुणे घरबी बघत्यात. त्या वस्तीवर विटांचं घर एकच, सगुणाबाईचं. पुढं फरशीचा ओटा, भिंतीला निळा रंग. वस्तीवरची कुणाचीबी पोरगी बघायची असली तर पाहुणे त्या ओट्यावर बसत्यात. "हेच का घर?" असं पाहुण्यानं इचारलं की सगळ्या बाया एका तोंडानं म्हणत्यात, "हेच की. या, बसा." यात कुणाला खोटं वाटत न्हाई. पाहुण्यालाबी ठाऊक असतं, त्याच्याबी वस्तीवर असंच चालतं.

मी त्या दिवशी शिरूरला एका शाळेच्या खिडक्या बसवाय गेलो होतो. मागनं सगुणाबाईनं समदं सांगितलं, आन् सांगताना तिचं तिलाच रडू आवरंना. मावशीनं आदल्या दिवशीच तिचा ओटा धुवून घेतला होता. रांगोळी घातली. मळ्यातनं मागून आणलेल्या शेवंतीचं तोरण बांधलं. सगुणाबाईचं ठेवणीतलं लुगडं नेसली. सृष्टीला धुतल्याला फ्रॉक घातला, हातात पाण्याचा तांब्या दिला आन् सांगितलं, पाहुण्याला खाली बघून द्यायचं. पोहे केले, वर खोबरं भुरभुरलं.

माणूस आला. कुठल्या कंपनीतर्फे नेमल्यालं पोरगं, हातात मोबाईल, अंगावर घाम, अजून चार वस्त्या करायच्या होत्या बिचाऱ्याला. त्यानं इचारलं, "आजी, हेच घर?"

"हेच की. या, बसा," मावशी म्हणली.

पोरानं पोहे खाल्ले, पाणी प्यालं. "आजी, घरासमोर उभ्या राहा जरा," म्हणलं. मावशीनं पदर सारखा केला, नातीला पुढं घेतली, आन् निळ्या भिंतीपुढं ताठ उभी राहिली. पोरानं फोटो काढला, नमस्कार केला आन् गेलं.

यादी लागली तवा मावशीच्या नावापुढं लिहिलं होतं, अपात्र, पक्के घर आहे.

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, गरिबी बघायला आलेल्या माणसाला तुमी श्रीमंती दाखवली? डोकं ठिकाणावर होतं का?"

"श्रीमंती कुठं रं? नीटनेटकेपणा दाखवला," मावशी म्हणली. "गबाळ्या घरात कुणी पोरगी देतं का? मला वाटलं, हिला घर दिलं तर ही नीट ठिवल का, हे बघत्यात. आन् दारात आलेला माणूस सरकारचा असला म्हणून काय झालं, पाहुणाच की. त्याला त्या पत्र्यापुढं कसा बसवू?"

मला तिचा राग येत होता, आन् राग येतोय म्हणून स्वतःची चीड येत होती.

तालुक्याच्या हापिसात तिला मीच घेऊन गेलो. तिथल्या साहेबानं कॉम्प्युटर आमच्याकडं वळवला. फोटो झकास आला होता. मावशीचं तोंड फुललं, म्हणली, "बघ, सृष्टी कशी हसती."

"आजी, फोटोत तुम्हीच ना?" साहेबानं इचारलं.

"व्हय, मीच."

"मागचं घर पक्कं आहे ना?"

"हाय, पण ते सगुणाबाईचं हाय."

"मग त्या माणसाला तुम्ही कुणाचं म्हणून सांगितलं?"

मावशी फोटोकडंच बघत ऱ्हायली. मी तिला कोपरानं ढोसलं, म्हणलं बोला काहीतरी, त्यानं इचारलंच न्हाई म्हणा. पण तिला थाप मारता यीना. हळूच म्हणली, "माझंच म्हणली मी."

माझा पारा चढला. "साहेब, गाडी भायेर उभी हाय. आत्ता चला, डोळ्यानं बघा. तिच्या घरात कुत्रंबी ऱ्हाणार न्हाई!"

साहेब वाईट माणूस न्हवता. म्हणला, "मला कळतंय हो. पण माहिती लॉक झालीय, मला उघडता येत नाही. पुढच्या सर्व्हेत नाव द्या."

"पुढचा कवा?"

"वरून आला की."

मी टेबलावर हात आपटला, मग शिपायानं मला भायेर काढलं. रस्ताभर मी शिव्या देत होतो. मावशी मागं बसून म्हणत होती, "वरडू नगंस. त्याचीबी नोकरी हाय." त्या दिवशी मला त्या म्हातारीच्या भल्या स्वभावाचासुद्धा संताप आला. अगं बाई, एकदा तरी तोंड वाजव!

मार्गशीर्ष आला. गुरुवारच्या पूजेला शेवंतीला मागणी असती, तवा मळ्यात पहाटं लवकर बोलवत्यात. इकडं ऊसतोड सुरू झाल्याली, वस्तीभवतीचं रान निम्मं मोकळं झालं आन् बिबट्याला लपायला जागा उरंना. बुधवारी वस्तीमागच्या उसात ठसे दिसले. वनखात्याला कळवलं, पिंजरा यायचा होता. मावशीनं सृष्टीला सगुणाबाईकडं झोपवायचं ठरवलं, पण तिच्याकडं माहेरचे पाहुणे आल्याले, घरात पाय ठेवाय जागा न्हवती. एका रात्रीचा तर प्रश्न हाय, असं दोघी म्हणल्या.

गुरुवारी पहाटं मावशी उठली, गळ्यात पट्टा घातला, नातीच्या अंगावरची गोधडी सारखी केली. पत्रा लावला, दगड टेकवला, हलतोय का बघितला, आन् फुलाला गेली. पट्टा तिच्याच गळ्यात होता. घरात झोपल्याल्या लेकराला पट्टा कशाला घालत्यात?

पुढचं मी सांगणार न्हाई. मला सांगवतबी न्हाई. मी गेलो तवा पत्रा आडवा पडल्याला होता, दगड जागच्या जागी होता आन् गोधडी उसाच्या कडंला गावली. पोरगी उसात आत, पाचटात.

त्या दिवशी वस्तीवर इतक्या गाड्या आल्या की लावायला जागा पुरंना. वनखातं, पोलीस, तालुक्याचे साहेब, पुढारी, टीव्हीवाले. समदे बघाय आले. आन् बघा चमत्कार, कॉम्प्युटरवर जे घर कुणाला दिसत न्हवतं ते त्या दिवशी समद्यांना दिसलं. कुड दिसला, पाचट दिसलं, पत्रा तर जो तो उचलून बघत होता. सगुणाबाई सवयीनं झाडणी घेऊन मावशीच्या दारापुढचं अंगण झाडाय लागली. तवा मावशी, जिचा आवाज कवा कुणी चढल्याला ऐकला न्हाई, ती किंचाळली.

"झाडू नगंस! तसंच ऱ्हाऊ दे. बघू दे त्यान्ला!"

बिबट्यानं माणूस मारलं तर सरकार भरपाई देतं. कुणीतरी म्हणलं, घरासमोर उभं राहून चेक घ्या, फोटो काढायचाय. मावशी उभी राहिली. ह्या बारीला पदर सारखा केला न्हाई. पुढं खास बाब म्हणून घरकुलबी मंजूर झालं. कवा न्हाई ते कागद सरासरा हालले. उन्हाळा सरायच्या आत भिंती उभ्या राहिल्या, वर स्लॅब पडला. मेल्याली पोर ह्या बाईला घर देऊन गेली, असं लोक बोलाय लागले. मी एकाची गचांडीच धरणार होतो, भाच्यानं ओढला मला.

दार मात्र तेच. कोपऱ्यातलं, तिच्या नावानं ठेवल्यालं. मी घासून काढलं, रंग दिला, न्हेऊन बसवलं. भिंतीनं चौकट कशी घट्ट धरली. मी न इचारता कडी बाहेरनं बसवली, आन् म्हणलं, "आतनंबी एक बसवतो मावशी, तुमाला रातीला." ती म्हणली, "नगं. बाहेरची बास." पत्र्यावर बोटानं टक टक वाजवून बघितलं, आन् मला च्या करून दिला.

मला वाटलं, संपलं हे. पण परवा ती दुकानात आली. चप्पल बाहेर काढली, मी वरडलो न्हाई.

"इक्बाल, कडी लई वाजती रं."

"नवी हाय मावशी. सरावली की वाजायची बंद व्हईल."

"तवर काय करू?" ती म्हणली. "पहाटं निघताना घालती तर खाडकन वाजती. पोरगी दचकून उठंल."

भाच्यानं वेल्डिंग थांबवून माझ्याकडं बघितलं. मी तेलाची बुधली उचलली आन् तिच्या हातात दिली.

"दोन थेंब टाका मावशी," म्हणलं, "आन् हळू सरकवा."