चौथ्या मार्गावरचे चौतीस चढ

माझी मामी जिल्ह्याच्या नकाशा कार्यालयात रेघा काढायची. आपल्या कामाचं वर्णन ती स्वतः एवढंच करायची, त्यामुळे ऑफिसात तिला सगळे ‘रेघबाई’ म्हणत. तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी तिचं टेबल होतं. खालून दिवा लागणारी काच, त्यावर ताणून बसवलेला पारदर्शक कागद आणि डाव्या हाताला सहा जाडीची सहा पेनं. कॉम्प्युटर आला तेव्हा तो तिने कुरकुर न करता शिकून घेतला, पण छापायला देण्याआधी प्रत्येक नकाशा एकदा त्या काचेवर ठेवून भिंगातून पाहायचाच. एखादी रेघ केसभर सरकलेली दिसली, तर त्या दिवशी मामाने घरात काहीही विचारलं तरी उत्तर ‘हं’ एवढंच.

एका वर्षी पर्यटन खात्याने या कार्यालयाकडून एक पुस्तिका करून घेतली. नदीखोऱ्यांमधून आणि मधल्या टेकाडांवरून जाणारे सहा सायकलमार्ग, त्यांचे नकाशे, आणि प्रत्येक मार्गापुढे एक शब्द: सोपा, मध्यम किंवा अवघड. सहाही मार्ग मामीने आखले. ही गोष्ट आहे ती चौथ्या मार्गाची. बेचाळीस किलोमीटर, एका नदीकाठून निघायचं आणि दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात उतरायचं. शेरा: सोपा.

पुस्तिका निघून दोन महिने झाले आणि पत्र आलं. लिहिणारा बेकरी चालवणारा गृहस्थ होता. त्याचा मजकूर मामीला अजून पाठ आहे.

‘तुमच्या चौथ्या मार्गावर नकाशात दोन चढ आहेत. मी एकतीस मोजले. उरलेले एकोणतीस कुणी आणून टाकले? सोपा आहे, असं मी माझ्या बायकोला तुमच्या भरवशावर सांगितलं होतं. ती दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही.’

साहेबांनी पत्र वाचलं आणि हसून बाजूला ठेवलं. “दमला असेल बिचारा. पोट सुटलं की छोटा चढही डोंगर वाटतो.”

मामीने मात्र भिंग काढलं. चौथा मार्ग पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा तपासला. त्या नकाशावर दर वीस मीटर उंचीला एक तपकिरी रेघ होती. रस्ता रेघ ओलांडतो तिथे चढ किंवा उतार, नाही ओलांडत तिथे सपाट, असं ती आयुष्यभर धरून चालली होती. चढाच्या रेघा मोजल्या तर दोनच भरत होत्या.

“नकाशा बरोबर आहे,” रात्रीच्या जेवणाला ती मामाला म्हणाली, “आणि माणूस खोटं बोलतोय असंही वाटत नाही. एकतीस हा काही थापेचा आकडा नाही. थाप मारणारा पन्नास म्हणतो.”

रविवारी मामाने तिला गाडीत घालून त्या रस्त्याने नेलं. गाडी आपली सुरसुर गेली. मामाला एकही चढ जाणवला नाही, मामीलाही नाही. परत आल्यावर ती तडक आमच्याकडे आली. आमच्याकडे म्हणजे माझ्या आईच्या दुकानात. आई मामाची धाकटी बहीण. सायकली दुरुस्त करते. दुकान पुढे आणि घर मागे, त्यामुळे आमच्या चहालाही थोडासा वंगणाचा वास असतोच.

“मला सायकल शिकव,” मामी म्हणाली.

आईच्या हातातलं चाक फिरत होतं, ते तिने थांबवलं. “वहिनी, वय काय तुमचं?”

“अठ्ठेचाळीस. तू अठरा वर्षांची असताना मी लग्न होऊन आले, हिशोब तुलाही येतो. शिकवणार की नाही?”

शाळेच्या मागचं मैदान संध्याकाळी रिकामं असायचं. आई सीट धरून मागे धावायची आणि मी कडेला बसून हसू दाबायचे. मला तेव्हा बाविसावं चालू होतं, पण हसू दाबायचं वय ते नव्हेच.

“चाकाकडे बघू नका, समोर बघा!”

“चाक कुठे चाललंय ते कुणी बघायचं मग?”

“तुम्ही बघाल तिकडे चाक जातं, वहिनी!”

मामीने नेमकं कुंपणाकडे बघितलं. चाक गेलं तिकडे. झुडपातून बाहेर येताना तिच्या केसांत पानं होती, आणि ती आईला म्हणाली, “वन्सं, तुम्ही सांगितलंत तेच केलं मी.” मामी चिडली की आईची ‘वन्सं’ होते आणि ‘तू’चं ‘तुम्ही’ होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पंधरवड्यात आई बहुतेक वेळ वन्संच होती.

सतराव्या दिवशी आईने सीट सोडून दिली आणि काही बोलली नाही. मामी सबंध मैदानाला फेरी मारून आली, मग मागे बघितलं तर आई दुसऱ्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभी. मामी इतकी दचकली की तिथेच पडली. पण पडल्या पडल्या हसत होती.

आणखी तीन आठवडे रस्त्यावरचा सराव झाला, आणि मग एका शनिवारी पहाटे दोघी चौथ्या मार्गावर निघाल्या. मामीच्या उजव्या खिशात सुक्या घेवड्याचे पन्नास दाणे होते. एक चढ संपला की एक दाणा डाव्या खिशात. बरोबर पाव, उकडलेली अंडी, सफरचंदं आणि पुस्तिका. पुढचं मी दोघींकडून वेगवेगळं ऐकलंय. जिथे जमत नाही तिथे मी आईचं खरं धरते, कारण ती मागून बघत होती.

पहिले अकरा किलोमीटर नदीकाठचा रस्ता होता. एका हाताला उंच झाडांची रांग, दुसऱ्या हाताला पाणी. मामी एका रेषेत चालवत होती, अगदी पेनाने काढल्यासारखी. जुन्या पिठाच्या गिरणीपाशी रस्ता नदी सोडून शेतांत शिरला आणि पहिला चढ लागला. छोटासाच, दोनमजली घराएवढा. मामी धापा टाकत वर पोचली आणि पुस्तिका उघडली. तिथे एकही रेघ नव्हती.

“अगं,” ती म्हणाली, “हा दोन रेघांच्या मधे लपलाय!”

तेव्हा तिला उलगडलं. दर वीस मीटरला एक रेघ. पण रस्ता बारा मीटर चढला, बारा उतरला, पुन्हा दहा चढला, दहा उतरला, तर तो एकही रेघ ओलांडत नाही. कागदावर सपाटच. सबंध मुलूख सूर्यफुलांच्या शेतांतून असा वरखाली होत पुढे गेला होता, आणि तिच्या नकाशाला त्याचा पत्ताच नव्हता.

आईला वाटलं, आता वहिनी खट्टू होणार. पण मामी पहिल्या उताराच्या माथ्यावर उभी होती. मैदानात उतार नव्हता, सरावाच्या रस्त्यावर जेमतेम होता. तिने पाय उचलले. सायकल सुटली. आईने ब्रेक, ब्रेक म्हणून ओरडून घसा कोरडा केला, आणि खालून जो आवाज आला तो आधी तिला किंकाळी वाटला. मग कळलं की वहिनी गातेय. म्हणजे शब्द नव्हतेच, नुसता ‘आ’ होता, पण सूर लावून.

पुढे तसंच चाललं. चढावर दोघी उतरून ढकलायच्या, उतारावर मामी ‘आ’ लावायची, शेतातली माणसं कामं थांबवून बघायची. एका बाईने हात हलवला तर मामीने दोन्ही हात सोडून उत्तर दिलं आणि कशीबशी सावरली. चौदाव्या चढानंतर मात्र ती खाली थांबली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, “दाणा टाकला की नाही, आठवत नाही. मागे जाऊन पुन्हा मोजायला हवा.”

“मागे? वर? ढकलत?”

“काम म्हणजे काम.”

आई खालीच बसून सफरचंद खात राहिली. मामी सायकल ढकलत वर गेली, आणि ‘आ’ करत खाली आली. एकविसाव्याला पुन्हा तेच. सव्विसाव्याला ती तोंड उघडतेय तोवर आई म्हणाली, “वहिनी, दाणा मी बघितला टाकताना. जायचं तर सरळ जा, घेवड्याची आण कशाला घेता?” मामी लाजली. आणि गेली, तीही दोनदा.

शेवटचा उतार तीन किलोमीटरचा, दुसऱ्या नदीपर्यंत. तिथे पुलावर बसून दोघींनी दाणे मोजले. चौतीस.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मामी बेकरीत गेली. गृहस्थ पाव काढत होता, पिठाने पांढरा. मामीने ओळख सांगितली तसा तो जरा ओशाळला. “पत्र रागात लिहिलं गेलं हो.”

“तुमचं चुकलंच,” मामी म्हणाली. “एकतीस नाहीत, चौतीस आहेत.”

आतून त्याची बायको हसत बाहेर आली. “बघा! तीन चढ हे झोपेतच चढले असणार. आणि बाई, मी चढांमुळे नव्हते हो रुसले. हे प्रत्येक चढावर थांबून वहीत टिपून घेत होते. उताराला मला एकटीला जावं लागलं, आणि आनंद सांगायला शेजारी कोणी नाही!”

मामीने तिचा हात धरला. “पुढच्या शनिवारी मोकळ्या आहात?”

पुढच्या आवृत्तीसाठी मामीने एक नवी खूण काढली, रस्त्याच्या कडेने धावणारी बारीक नागमोडी रेघ. जिथे जिथे असे लपलेले चढउतार, तिथे ती. ‘सोपा’च्या जागी तिने लिहिलं: ‘मध्यम, पण फार मजेचा.’

साहेबांनी ‘फार मजेचा’वर काट मारली. “रेघबाई, हे मोजलंय का तुम्ही?”

“मोजलंय. दोन उतार दोनदा, एक तीनदा.”

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांत या बाईने अंदाजाने एक टिंबसुद्धा दिलं नव्हतं. त्यांनी आपली काट खोडली आणि शेजारी सही केली.

नंतरच्या दोन वर्षांत उरलेले पाचही मार्ग मामीने सायकलवरून पाहिले. आई आणि बेकरीवाली बाई बरोबर. मामा आणि बेकरीवाला गाडीतून जेवण घेऊन पुढे जातात आणि कुठल्या झाडाखाली बसायचं यावर भांडत बसतात. मामी आता पंचावन्नची आहे. गुडघा कधी कधी बोलतो, पण ती त्याला उलट बोलते.

परवा तिचा फोन आला. पाचव्या मार्गावर, ओढ्याच्या पलीकडे, तिला एक पायवाट सापडलीय. दोन्ही बाजूंनी झाडं वर मिळालेली, खाली मऊ माती, आणि शेवटी एकदम नदी. कुठल्याच नकाशात ती नाही.

“मग टाकणार ना नकाशात?” मी विचारलं.



“टाकणार गं. काम म्हणजे काम,” ती म्हणाली. “पण एवढ्यात नाही.”