पांढऱ्या दगडांची गोष्ट

युद्धावरची एक जाडजूड परदेशी कादंबरी मी लातूरच्या कॉलेजात बरीच वर्षं शिकवते आहे. तिच्यात शत्रू फारसा दिसतच नाही. सैनिकांना छळतात ते त्यांचेच साहेब आणि साहेबांचे बिनडोक हुकूम. ज्याला जगावंसं वाटतं त्याच्याकडे तिथे सगळे संशयानं बघतात. पहिल्या तासाला मुलं पोट धरून हसतात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की आपण ज्याच्यावर हसलो तो मेलाय, आणि वर्ग गप्प होतो. मी ती कादंबरी शिकवते ती या गप्प होण्यासाठी. बाकी परीक्षेपुरतं गाईडात असतंच.

ही कादंबरी खरी आहे हे मला समीक्षकांनी नाही, माझ्या थोरल्या भावानं पटवलं. दादा फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झाला आणि आता जळकोटजवळ आमच्या गावी शेती बघतो. एका दिवाळीत जेवताना मी त्याला कादंबरीतला एक प्रसंग सांगितला. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाला, "हे तर काहीच न्हाई. आमच्या दगडांचं ऐक."

त्यांची चौकी बर्फात होती. मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून हुकूम सुटला, वाटेच्या दोन्ही कडांचे दगड पांढरे रंगवा. रंगवले. पण बर्फात पांढरे दगड दिसेनात. हुकूम आला, लाल करा. केले. मग कुणाला तरी शंका आली की लाल रंग पलीकडून शत्रूला दिसेल. पुन्हा पांढरे करा! दादा आणि त्याचा जिवलग मित्र बादली-ब्रश घेऊन पुन्हा निघाले. हा मित्र शिरूर अनंतपाळचा. सगळ्या तुकडीत मराठवाड्याचे हे दोघेच. अगदी कडेचा दगड रंगवताना मित्राचा पाय घसरला आणि तो बादलीसकट दरीत गेला. साहेब आलेच नाहीत. हवा खराब होती म्हणून हेलिकॉप्टर उडालं नाही.

"पडायच्या आधी काय म्हणला होता माहीत हाय का?" दादा म्हणाला. "म्हणे, आपल्याला एक वर्दी द्यायला लई मागं-पुढं बघतेत, अन् ह्या दगडांची बघ, तिसरी वर्दी झाली."

माझी लेक शेजारी बसली होती, ती खुदकन हसली. दादाही हसला. हसता हसताच त्याचे डोळे भरून आले, ते त्यानं बाहीला पुसले आणि तो पुन्हा हसला. ही गोष्ट त्यानं तोवर कुणालाच सांगितली नव्हती. वहिनीलाही नाही आणि त्या मित्राच्या आईलाही नाही. आईला 'कर्तव्यावर असताना' एवढंच कळवण्यात आलं होतं.

आमच्या कॉलेजात एक सर नाटकं बसवतात. ती कादंबरी पहिल्यांदा मला त्यांनीच वाचायला दिली होती. स्टाफरूममध्ये चहा गार होईपर्यंत आम्ही तिच्यावर बोलायचो. नवा कुठलाही बिनडोक जीआर आला की ते चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे आणि आम्ही दोघं फिसकन हसायचो. त्या एका हसण्यावर मी या नोकरीत टिकले असं म्हटलं तरी चालेल. यंदा नांदेडच्या युवक महोत्सवात त्या कादंबरीवर एकांकिका करायचं ठरलं, पण परदेशी नावं मुलांच्या तोंडात बसेनात. म्हणून मी दादाची गोष्ट सुचवली.

दादा तयार होईना. मीच त्याला लातूरला बोलावून घेतलं, सरांसमोर बसवलं. शेवटी तो म्हणाला, "सांगतो. पण एक हाय सर. त्याचं नाव घ्यायचं न्हाई, अन् लोकायला हसवायचं. तो लई हसरा होता. त्याच्यावर रडारड नको." सरांनी त्याचा हात हातात घेऊन शब्द दिला. तालमीला येऊ का विचारलं तर मला म्हणाले, "नको मॅडम, एकदम प्रयोगच बघा. मजा जाते." मला ते पटलं.

नांदेडला आम्ही दुपारी पोचलो. सभागृहात पहिल्या रांगेत डोक्यावरून पदर घेतलेली एक म्हातारी बसली होती. तिला बघून दादा जागीच थबकला. मग पुढं जाऊन तिच्या पाया पडला. "माय, तुम्ही इथं?" ती त्या मित्राची आई होती. सरांनी परस्पर पत्ता शोधून, गाडी पाठवून तिला शिरूर अनंतपाळहून आणवलं होतं. आम्हाला चकित करायचं होतं म्हणे.

पडदा उघडला आणि गोळीबारच सुरू झाला. मी दगडांची वाट बघत होते. दगड नव्हते, बादली नव्हती, येणारे साहेब नव्हते. मित्राच्या हातात झेंडा होता. त्याच्या छातीत गोळी लागली, तो पडला, उठला, घोषणा दिली आणि पुन्हा पडला. वर देशभक्तीचं संगीत. सगळं सभागृह उभं राहिलं. मी एकटी रागानं बसून राहिले. मागच्या बाईनं मला खांद्याला डिवचून उठायला सांगितलं. मी उठले नाही.

सरांनी दादाला मंचावर बोलावलं, शाल-श्रीफळ दिलं आणि माईक त्याच्या हातात दिला. मला हायसं वाटलं. माझा भाऊ खोटं खपवून घेत नाही. गावात भल्याभल्यांची त्यानं भर बैठकीत हजेरी घेतलेली मी पाहिली आहे. आता सरांची फजिती होणार म्हणून मी सरसावून बसले.

दादानं पहिल्या रांगेकडे बघितलं. मग म्हणाला, "हाव. असंच झालं होतं. झेंडा शेवटपर्यंत सोडला न्हाई त्यानं."

टाळ्या थांबेनात. म्हातारी पदरानं डोळे पुसत होती.

मी विंगेत जाऊन सरांना गाठलं. "तुम्ही त्याला शब्द दिला होता."

"मॅडम, फौजेवर हसलेलं आता कुणाला चालतं का? पोरांना बाहेर गाठून मारलं असतं. आणि टाळ्या ऐकल्या ना?"

"ती कादंबरी तुम्हीच मला दिली होती, सर."

"ती परदेशी आहे, मॅडम," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. माझ्याकडे बघून ते हसतील म्हणून मी क्षणभर थांबले. ते हसले नाहीत.

परतताना लोह्याला चहाला उतरलो. दादानं शाल घडी करून मांडीवर ठेवली होती. मी विचारलं, "तू खोटं का बोललास?"

"माय म्हणली, इतके दिवस वाटायचं लेकरू थंडीनं गेलं. लढून गेलं म्हणून कळलं, आता जीव शांत झाला."

"आणि तुझी अट? हसवायचं म्हणाला होतास ना?"

"मग तू जा अन् हसव तिला," तो म्हणाला आणि चहाचे पैसे द्यायला उठला.

मी उरलेला चहा ओतून टाकला आणि त्याच्यामागून निघाले. पण राग गेला नाही. सरांनी केला तो सरळसरळ दगा होता, तो मला ओळखता येतो. त्यानंतर स्टाफरूममध्ये मी त्यांच्या टेबलाशी बसत नाही. दादाचं काय करायचं ते कळत नाही. म्हातारीसाठी तो एकदाच खोटं बोलला असता तर मी गिळलं असतं. पण एकांकिका गाजली. उमरीपासून निलंग्यापर्यंत शाळा त्याला झेंडावंदनाला बोलावू लागल्या, आणि तो जातो. फेटा बांधून जातो.

गेल्या महिन्यात तो आमच्याकडे आला होता. जेवताना लेक म्हणाली, "मामा, ते दगडांचं सांग ना."

"कुठले दगड?" दादा म्हणाला. आणि गोळीबारापासून त्यानं सगळं सांगितलं. झेंडा, छातीतली गोळी, पडून पुन्हा उठणं. सुरात सांगत होता, कुठे अडखळला नाही, कुठे हसलाही नाही. लेकीनं एकदा माझ्याकडे बघितलं. मी ताटात बघत होते.

तरी तिनं विचारलंच. "आणि पडायच्या आधी ते काय म्हणाले होते, मामा? ते वर्दीचं?"

दादानं भाकरी मोडली. थोडा वेळ विचार केला, खरोखरच केला.

"घोषणा दिली," तो म्हणाला.