थोरल्या नणंदबाईंची चौकशी

अख्ख्या घाटंजीत ‘लघवी’ हा शब्द मोठ्यानं उच्चारण्याचा हक्क फक्त आमच्या थोरल्या नणंदबाईंना होता. ताई दवाखान्यात नर्स होत्या आणि माणसाची ओळख त्याच्या नावागावापेक्षा लघवीवरून नीट पटते, असं त्यांचं मत होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांच्या नमुन्यांच्या बाटल्या ओळीनं उभ्या असत. कळंबहून आलेल्या मावससासऱ्यांनी त्यातली एक ओव्याचा अर्क समजून हुंगली, तेव्हापासून ते आमच्याकडे चहासुद्धा घेत नसत. धाकट्या नणंदेला पाहायला मंडळी आली, त्या दिवशी मुलाचे वडील दोनदा उठून मागे जाऊन आले. पोह्यांची बशी पुढं करत ताईंनी त्यांना विचारलं, “जळजळ होते काय मामा?” सासूबाई पदरात तोंड लपवून आत पळाल्या. लग्न मात्र ठरलं, आणि पुढं त्या गृहस्थांची प्रकृतीबद्दलची पत्रं ताईंच्याच नावानं येऊ लागली.

आमची चार वर्षांची मुलगी त्या सुमारास सारखी तापानं फणफणायची. हिवताप म्हणून कडू औषधं झाली. वर्षभर कोरडं राहिलेलं अंथरूण पुन्हा ओलं होऊ लागलं, दिवसाही परकर भिजायचा. सासूबाईंसमोर मला लाज वाटे. एका दुपारी मी तिला दोन धपाटे घातले. ताई दवाखान्यातून नुकत्याच आल्या होत्या.

“काहून मारून राह्यली तिले? मुततानी जळते काय, हे विचारलं काय कधी?”

मी विचारलं नव्हतं. त्यांनी विचारलं, तर पोरीनं मान हलवली. जळतं म्हणून ती रोखून धरायची आणि मग धीर सुटायचा. ताईंनी काचेच्या नळीत लघवी घेऊन दिव्यावर तापवली, ती गढूळ झाली, तशी त्यांची शंका पक्की झाली. दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन त्या मोटारीनं यवतमाळला गेल्या. तिथल्या डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली लघवीत पू दिसला. सल्फाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि भरपूर पाणी. एकटी पीत नाही म्हणून ताई तिच्याबरोबर पेल्याला पेला प्यायच्या. मग दोघींची मोरीकडे शर्यत लागायची, आणि ताई ती मुद्दाम हरायच्या.

ताप उतरला. एका सकाळी अंथरूण कोरडं दिसलं, म्हणून मी आनंदानं पोरीकडे हात पुढं केले, तर तिनं झटकन दोन्ही हात डोक्यावर धरले. ताईंनी ते पाहिलं. पोरीला उचलून त्यांनी माझ्या मांडीवर बसवलं आणि विहिरीवर निघून गेल्या. बराच वेळ ती अंग चोरून बसली होती. मग हळूहळू तिची पाठ माझ्या छातीला टेकली.