चार हंड्यांचं घर

वत्सलावहिनींच्या घरात रोज चारच हंडे पाणी लागायचं. माणसं पाच होती. लिंबायतच्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना माहीत होतं, आणि बायकांना ते आवडत नव्हतं.

प्लेगनंतरचं वर्ष होतं. मी जळगावला मराठी घेऊन बी.ए. झाले होते आणि सुरतेत, त्याच गल्लीत, भावाकडे राहत होते. नोकरी नव्हती. दुपारी वत्सलावहिनींच्या (सख्ख्या नव्हेत, गल्लीच्या वहिनी) ओट्यावर बसून साड्यांचे लोंबते धागे कापायचे. कारखान्यातून गठ्ठा यायचा, संध्याकाळी परत जायचा. मी बावीसची, त्या छत्तीसच्या. वयाचा फरक धागे कापताना राहत नाही.

नळ आमच्या गल्लीत नव्हता. नाल्यावरची फरशी ओलांडून पलीकडच्या वस्तीच्या तोंडाशी जावं लागे. पहाटे साडेपाचला पाणी यायचं, पावणेसातला जायचं. रांग धरून एका बाईच्या चार फेऱ्या होत, फार झाल्या तर पाच. ज्यांच्या घरी दोन बायका होत्या, त्यांचं बरं चालायचं.

एका दुपारी वहिनींनी मला त्यांचं दुखणं सांगितलं. धागा कुजका आहे असं सांगावं, त्याच आवाजात. धाकट्याच्या वेळेपासून त्यांचं अंग खाली येत होतं. हंडा डोक्यावर घेतला की जास्त.

"हातानं आत सारावं लागतं, हर्षदा. मग दिवस निघतो."

माझी कात्री थांबली.

"काप, काप," त्या म्हणाल्या. "सहाला गठ्ठा द्यायचाय."

मी त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गर्भाशय खाली सरकलंय, ऑपरेशन करावं लागेल म्हणाल्या. नंतर तीन महिने वजन उचलायचं नाही.

"तीन महिने पाणी कोण भरील?" वहिनींनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पुढच्या बाईला आत बोलावलं.

घरात दुसरं कोणी नव्हतं. त्यांचे यजमान निंबाभाऊ लूमवर बारा तास उभे असत, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. नळाला पाणी असे तेव्हा ते एकतर निघालेले असत, नाहीतर आलेले नसत. थोरली तारा अकरा वर्षांची. तिला कळशी पेलायची, हंडा नाही. कळशीनं तेवढ्या लांबून किती आणणार?

"नळ आपल्या गल्लीत आला तर तारा भरील," वहिनी म्हणाल्या. "मग मी जाईन दवाखान्यात."

नळ येणार अशी बोलवा होतीच. प्लेगनंतर गटारं उपसली जात होती, रस्ते खणले जात होते. वहिनी वाट बघत होत्या. तोवर चार हंडे. पाचवा त्यांना उचलवत नव्हता.

चार हंड्यांत त्या घर कसं चालवत, ते मी रोज बघत होते.

निंबाभाऊ कारखान्यातून येत तेव्हा डोकं, भुवया, मिशा सगळं रुईनं पांढरं झालेलं असे. मुलं म्हणत, "आजोबा आले." वहिनी त्यांना ओट्यावर बसवून कोरड्या फणीनं केस विंचरत, अंगावरचे कपडे झटकत. तूस आधी कोरडं गेलं की अर्ध्या बादलीत अंघोळ होते. पाणी आधी पडलं तर तूस चिकटतं आणि दोन बादल्या लागतात. अंघोळ मोठ्या घमेल्यात बसून. घमेल्यातलं पाणी कपडे भिजवायला, कपड्यांचं पाणी फरशीला, फरशीचं संडासाला. तांदूळ धुतलेल्या पाण्यात ताटं भिजत. ती आधी राखेनं कोरडी घासायची, मग एका पातेल्यात बुडवायची, मग दुसऱ्यात. वाहत्या धारेखाली काही नाही. पेल्यात पाणी अर्धंच ओतायचं. लागलं तर परत घ्यावं.

आणि त्या शिळं पाणी ओतून देत नसत. गल्लीत सगळ्याजणी देत. सकाळी ताजं आलं की कालचं मोरीत, अगदी भरला माठसुद्धा.

"पाणी शिळं होत नाही," वहिनी म्हणत. "मन होतं."

शेजारच्या उषाबाईंना हे सहन होत नसे. त्यांच्या घरी एकट्या राहणाऱ्या लूम कामगारांची खानावळ होती. सहा ताटं सकाळी, सहा संध्याकाळी. आठ हंडे आणि तीन कळशा लागत. त्या आणि त्यांची बहीण मिळून भरत.

"ए वत्सला," त्या ओट्यावरून अहिराणीत म्हणत, "तुना घरमा माणसं अंघोळ करतस का नुसतं पाणी देखतस?"

"देखतात आणि नमस्कार करतात," वहिनी म्हणत.

पाणीखात्याचा माणूस ऑक्टोबरात आला. हातात पुठ्ठ्याला लावलेले कागद, पायांत चिखलानं भरलेले बूट. आमच्या आणि मागच्या गल्लीची पाहणी होती. दोन नळ द्यायचे होते. ज्या गल्लीची गरज जास्त, तिला आधी. हे त्यानं गल्लीच्या तोंडाशीच सांगितलं. मी ऐकलं होतं. वहिनी तेव्हा आत होत्या, पण मी त्यांना सांगितलं. त्यांना माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहिते.

तो आधी वहिनींच्या दाराशी थांबला, कारण आम्ही ओट्यावर होतो.

"बेन, रोज केटला हंडा पाणी जोईए?"

वहिनी उभ्या राहिल्या. पदर सावरला. त्यांनी आत, मोरीकडे पाहिलं. मोरी कोरडी होती. दुपारी ती नेहमीच कोरडी असे.

"चार," त्या म्हणाल्या.

"पाँच आदमी, चार हंडा? बस?"

"भागतं."

तो वाकून आत डोकावला. घमेलं बघितलं, माठ बघितला. "वाह बेन," म्हणाला आणि लिहिलं. मला त्या क्षणी अभिमान वाटला. हे लिहायला लाज वाटते.

पुढच्या प्रत्येक दारात तो वहिनींच्या घराकडे बोट करत होता. तिथे पाच माणसं चार हंड्यांत राहतात, तुम्हाला किती? मग कोण बाई परक्या पुरुषासमोर दहा म्हणेल? कलाबाई सहा म्हणाल्या. कोणी पाच. उषाबाईसुद्धा सातावर आल्या. खानावळ असून.

महिन्याभरात नळ आले. दोन्ही मागच्या गल्लीत. तिथल्या बायकांनी पंधरा-पंधरा हंडे सांगितले होते.

त्या दुपारी उषाबाई ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत.

"तुनामुये नळ गया."

वहिनी धागे कापत राहिल्या.

"आते बोल ना. चार हंडा, चार हंडा. मोठी सती."

"मी खोटं नही बोलनू," वहिनी म्हणाल्या.

"कोन म्हणस खोटं बोलनी? खरं बोलनी तेच वाईट झालं."

त्या गेल्यावर मी विचारलं, दहा का नाही सांगितलं? मला राग आला होता. नळ दुसऱ्या कोणापेक्षा त्यांनाच हवा होता.

त्यांनी हातातल्या साडीचा धागा कापला. मग म्हणाल्या, "पारोळ्याकडे आमचं गाव. सासू दुपारी मोरी बघायला यायची. ओली दिसली की पाहुण्यांसमोर सांगायची, सून उधळी आहे. दहा वर्षं बघितली तिनं मोरी. त्या माणसानं विचारलं, आणि तोंडातून चारच निघालं." मग साडी उलटी केली. "दहा म्हणायला जीभच नाही माझ्यात."

मी अर्ज लिहायचं ठरवलं. पुन्हा पाहणी करा म्हणून. पण चार का, हे लिहावं लागणार होतं. वहिनी म्हणाल्या, "ते कागदावर नको." मी म्हटलं, निदान गल्लीला तरी सांगा. त्या गठ्ठा बांधायला लागल्या.

त्या हिवाळ्यात त्यांचे चाराचे तीन हंडे झाले. त्या तिसरा हंडा नाल्यावरच्या फरशीवर टेकवून उभ्या राहत. मागून येणाऱ्या बायका बाजूनं निघून जात. बोलणं बंदच होतं.

जानेवारीत एक दिवस रांगेत त्यांचा नंबर आला आणि त्यांनी हंडा नळाखाली लावलाच नाही. त्या खाली बसल्या. उषाबाई मागे होत्या.

"लाव ना व. पानी जाई राह्यनं."

वहिनींनी खालूनच सांगितलं. अहिराणीत, तीन वाक्यांत. अंग बाहेर येस. उचलता येत नही. चारच उचलाई जातस, म्हणून चार.

नळ चालू होता, पाणी नुसतंच वाहत होतं. ते बंद करायचं कोणालाच सुचलं नाही.

मग उषाबाईंनी वाकून स्वतःचा हंडा नळाखाली लावला. वहिनींकडे न बघता म्हणाल्या, "माले बी तेच शे."

"कवयपासून?" वहिनींनी विचारलं.

"सात वरीस."

मागून कलाबाई म्हणाल्या, "मना मोठी बैनले बी." आणखी एका बाईनं चुंबळ डोक्यावरून काढून हातात घेतली.

मी तिथे कळशी घेऊन उभी होते. या बायकांसोबत वर्षभर मी या रांगेत उभी होते. आमच्यात नळाची भांडणं झाली होती, लग्नांच्या गप्पा झाल्या होत्या, सिनेमाच्याही. मला काहीच माहीत नव्हतं.

संध्याकाळी उषाबाई वहिनींच्या ओट्यावर आल्या आणि या वेळी बसल्या.

"चार हंडामा खरंच भागस?"

"भागतं."

"मंग जा दवाखानामा. एक हंडा मी टाकसु. एक कलाबाई टाकी. एक हर्षदानी सख्खी वहिनी. चवथा देखू." मग बोट उगारून म्हणाल्या, "पन माले अक्कल शिकाडू नको."

आठ-दहा हंडे कोणी कोणाला देत नाही. चार हंडे चारजणींत वाटता येतात. एवढंच होतं ते. चौथा मी भरला.

ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. आमची पाळी तीन महिने नीट चालली असं नाही. कलाबाई लग्नाला गावी गेल्या आणि वीस दिवस आल्या नाहीत. माझी मान धरली. एक आठवडा त्या घरानं दोनच हंड्यांत काढला. तो कसा काढला ते मी बघितलं नाही, तारानं सांगितलं. पण वहिनींनी वजन उचललं नाही.

दरम्यान मी उषाबाईंना त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तेच निदान.

"कितला महिना?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं. आत त्यांनी ऐकलं होतं.

"तीन."

"मना घरले आठ हंडा आन तीन कळशा लागतस. बहीन चार भरी. बाकीनं कोन भरी?"

मी बोटांवर मोजलं. उरलेले चार आम्हाला वाटून घेता आले असते. कळशांचं जमत नव्हतं, आणि बहिणीचं लग्न ठरत होतं. ती सासरी गेली की सगळंच आमच्यावर.

वहिनी मे महिन्यात चालत्या-फिरत्या झाल्या. हंडा अजून नको होता. दुपारी धाग्यांचा गठ्ठा संपला की त्या भिंतीला हात लावत शेजारच्या दारात जात. उषाबाईंच्या मोरीसमोर पाटावर बसत.

"ताटं आधी राखेनं."

"सहा ताटं शेतस. तुना बाप घासस का?"

"मी घासते. इकडे टाका. आणि ते तांदळाचं पाणी ओतू नका."

"सांगेल होतं ना तुले, अक्कल शिकाडू नको."

"नाही शिकवत. पातेलं द्या."

पहिल्या आठवड्यात कळशा बंद झाल्या. खानावळीच्या पोरांना वहिनींनी दारातच अडवून डोकी विंचरायला लावली. दोघं रागावून दुसऱ्या खानावळीत गेले. त्यावर उषाबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मग तिसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली. जूनपर्यंत सहा हंडे झाले. तिथे अडलं; चारावर आलं असतं तर वाटून घेता आलं असतं. ताटं चारच उरली होती, तरी सहाखाली उतरत नव्हतं. डाळ शिजवायला लागतं ते लागतंच.

मला त्या महिन्यात सुरतेबाहेर कडोदऱ्याच्या एका शाळेत नोकरी लागली. निघायच्या दिवशी मी सांगायला गेले तेव्हा दोघी मोरीसमोर होत्या. उषाबाई उभ्या, वहिनी पाटावर. समोर ओळीनं सहा हंडे मांडलेले.

"कोणता काढायचा सांगा," वहिनी म्हणत होत्या.

उषाबाई हंड्यांकडे बघत होत्या. मी दारात उभी होते. दोघींनी मला बस म्हटलं नाही. मीही थोडा वेळ त्या हंड्यांकडेच बघत राहिले.